दिव्याच्या अवसेला पाण्यात सोडलेला दिवा

जुलैत दुबईत घराबाहेर पडा असं कोणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नका. आम्ही पडलो, कारण घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे. जूनमध्ये देवगडहून आले आणि विमानतळावर ट्रॉली ढकलता ढकलताच त्यांनी जाहीर केलं, "ह्या एकदाच. परत मी येवचंय नाय." पुढचा दीड महिना ते अल बर्शातल्या आमच्या नवव्या मजल्यावर खिडकीशी बसून होते. मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर, त्यामुळे पहाटे साडेचारला आमच्याकडे चहा. जेवायला हाक मारली की येत, "बरं झालंय" म्हणत, उठत.

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात या माणसाने मासा तोंडात घातला नव्हता. व्रत नाही, नवस नाही, नुसतं "नको". माझ्या नवऱ्याने, नितीनने, मॉलमधून सुरमई, पापलेट सगळं आणून बघितलं. मी पुण्याची, घासफूसवाली, मला मासा नीट धरताही येत नाही. पण त्या "नको"चा मला भयंकर राग यायचा. आणि वेळही कमी होता. श्रावण लागला की महिनाभर विषयच संपला, आणि श्रावण संपतो तेव्हा कोकणी माणूस गणपतीला गावी गेलेला असतो. अप्पा तर परत न येण्यासाठी जाणार होते.

तेवढ्यात नितीनला कोणीतरी सांगितलं की उम्म अल क्वैनहून उन्हाळ्यात रात्री बोटी सुटतात. दिवसा समुद्रावर जाण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून रात्री पाण्यात दिवा सोडतात आणि त्याभोवती जमणारे मासे पकडतात. मी फोन केला. "मॅडम, चाँद नहीं होना," कॅप्टन रशीदभाई म्हणाले. "जितना अंधेरा, उतनी मछली." मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं आणि थेट आषाढ अमावास्याच बुक केली. याहून काळोख कुठून आणणार? अमावास्येच्या रात्री पकडलेला मासा आपण नेमका कधी खाणार, हा प्रश्न घरातल्या दोन इंजिनीअरांपैकी एकालाही पडला नाही.

रस्ता एरवी तासाभराचा आहे, पण संध्याकाळी शारजा ओलांडायचं असेल तर दोन तास धरा. वाटेत कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न मारला की करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा गाडीत येतो. अप्पांना हे काही रुचलं नाही. ते उतरले, काउंटरपाशी गेले आणि उभ्याने चहा पिऊन आले. बोटीचे चार तासांचे आठशे दिरहॅम, गळ, दोऱ्या आणि आमिष धरून. "म्हणजे एकोणीस हजार रुपये," अप्पांनी हिशेब केला. बरोबर टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड ठेवा, हवा इतकी दमट असते की बसल्या बसल्या आंघोळ होते. बोट लागू नये म्हणून गोळी आधीच घ्या. नितीनने घेतली नाही.

किनाऱ्याचे दिवे लांब राहिले तसा रशीदभाईंनी नांगर टाकला आणि हिरवा दिवा वायरीने पाण्यात सोडला. अप्पा तो खाली जाताना बघत राहिले. निघण्यापूर्वीच मी घरातल्या समया, निरांजनं घासून पूजा केली होती.

"आज दिव्याची अवस," ते म्हणाले. "दिवो पूजूचो असता, बुडवूचो नसता."

शिवाय गावाकडे लायटी लावून मासे मारणाऱ्यांच्या नावाने बोंब आहे, हेही त्यांनी सांगितलं. आणि दिव्याकडे पाठ करून बसले. झालं! आठशे दिरहॅम पाण्यात, तेही अक्षरशः.

हळूहळू दिव्याभोवती बारीक मासळी गोळा झाली. "आजोबा, लुक! इट्स लाइक ॲन अक्वेरियम!" आमची दहा वर्षांची इरा ओरडली. नितीनही कठड्यावरून वाकला होता, पण मासे बघायला नाही. राहिले मी. मी गळ टाकत होते आणि मासे आमिष खाऊन जात होते. दर वेळी माझ्या तोंडून "अरेच्चा!" निघत होतं. कितव्यातरी अरेच्चाला अप्पा वळले.

"दोरी अशी धरतत? बैल बांधलंस काय?"

त्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली, बोटाभोवती एक वेढा दिला आणि दिव्याच्या बाजूला नाही, बोटीच्या काळोख्या बाजूला सोडली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बोट किंचित हललं, हात झपकन वर गेला आणि फळीवर एक चकचकीत मासा तडफडायला लागला.

"बांगडो," अप्पा म्हणाले. दीड महिन्यात पहिल्यांदा ते मला खूश दिसले.

मग बांगडे येतच राहिले. वेळ संपली तसे रशीदभाई नांगराकडे निघाले. "चाचा, टाइम खलास."

"खलास कैसा? अबी तो लागला है! नीचे देखो."

रशीदभाईंनी खाली वाकून पाहिलं, नांगराचा नाद सोडला आणि स्वतःचीच दोरी काढून बसले. वरच्या तासाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

परतताना गाडीत जमिनीवर आलेला नितीन पुन्हा माणसात आला होता. "मस्त! आता उद्या दुपारी..." म्हणाला आणि गप्प झाला. उद्या दुपारी श्रावण होता.

मागून अप्पांचा आवाज आला. "तिथी सूर्योदयाक धरतत. उजाडल्यावर श्रावण."

"म्हणजे उजाडेपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले. नितीनने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की बस.

घरी पोचेपर्यंत तीन वाजून गेले होते. अप्पांनी सिंकपाशी बांगडे साफ केले. त्यांना विळी हवी होती, आमच्याकडे कात्री निघाली. मी फ्रीजरमधून सासूबाईंच्या मसाल्याची शेवटची पुडी काढली. त्या आल्या होत्या तेव्हा याच ओट्यावर आमटी करायच्या आणि मी नाकाला पदर लावल्यासारखी लांब उभी राहून बघायचे. जेवढं आठवलं तेवढं केलं. खोबरं, मसाला, आमसुलं. खोबरं गोठून दगड झालं होतं, त्यातच अर्धा तास गेला. भाताचा कुकर लावला. इरा बुटांसकट सोफ्यावर झोपून गेली.

ताटं मांडली आणि अप्पांनी घड्याळ पाहिलं. सव्वासहा, म्हणजे इथले पावणेपाच.

"देवगडात उजाडला."

मला रडूच आलं. मी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले. "खलास," नितीन पुटपुटला, आणि मी त्याच्याकडे बघितल्यावर भात वाढायला लागला.

अप्पा उठले आणि खिडकीशी गेले. खाली शेख झायद रोडचे दिवे होते, वर काहीच नव्हतं. मग येऊन पाटावर बसावं तसे खुर्चीत मांडी घालून बसले.

"हय अजून काळोख आसा," ते म्हणाले. "वाढ."

ते सावकाश, काटा न् काटा बाजूला काढत जेवले. मी "बरं झालंय" ऐकायची तयारी ठेवून विचारलं, "कसं झालंय?"

"तिरफळां नाय ह्याच्यात."

तिरफळं म्हणजे बांगड्याच्या आमटीत घालतात ती काळपट, जिभेला झिणझिण्या आणणारी फळं. सासूबाई घालायच्या, तेवढं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

"इथे नाही मिळत, अप्पा."

"पुढच्या खेपेक मी घेवन येतंय."

नितीनचा घास हातातच राहिला. मी त्याला टेबलाखालून पाय मारला.

"पाव किलो आणा," मी म्हणाले.

"पाव किलो?" अप्पा हसले. "अगो, वर्षभर सरूची नाय ती."

"मग सरेपर्यंत राहायचं."

अप्पांनी आमटीची वाटी पुढे केली, आणि इथला सूर्य उगवायच्या आत मी ती काठोकाठ भरली.