आईच्या हातात मिनी: हौगांग ते लिम चू कांग

मला गाड्यांत काडीचाही रस नाही, हे आधीच सांगून टाकते. बरीच वर्षं सिंगापूरला क्लेमेंटीत राहते आणि MRT, म्हणजे इथली मेट्रो, आणि बसवर माझं उत्तम चाललंय. इथे गाडी घ्यायची तर आधी ती घेण्याचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि तो कधीकधी गाडीपेक्षा महाग पडतो, हे ऐकलं त्या दिवशीच मी तो विषय बंद केला. तरीही ही पोस्ट एका गाडीवर आहे, कारण यंदा आई आली होती.

आई साताऱ्याला एकटी राहते आणि स्वतः गाडी चालवते. बाबा होते तेव्हाही तीच चालवायची, बाबा शेजारी बसून पेपर वाचायचे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी गाडी आत घेताना तिने ती गेटच्या खांबाला घासली. दार चेपलं, बाकी काही नाही. पण पुण्याहून दादाने फर्मान काढलं, "आता बास. गाडी विकून टाकू." आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, आणि विमानात बसून माझ्याकडे आली. बॅगेतून मेतकूट निघालं, भाजणी निघाली आणि तळाशी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना निघाला. तो तिने कुणालाही न विचारता काढला होता.

दादा रोज फोन करून माझ्या मागे लागायचा, "मनू, तू सांग तिला. तुझं ऐकेल ती." मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. तिने चालवावं की नाही, हे माझंच ठरत नव्हतं. तिच्या शेजारी बसून मला कितीतरी वर्षं झाली होती.

दिलीपकाका भेटले ते इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याला. बँकेत हिशेब सांभाळायला इथे आले, पुढे इथलेच नागरिक झाले आणि आता निवृत्त होऊन हौगांगला राहतात. श्रीखंडाच्या वाटीवर ते आईला त्यांच्या जुन्या मिनी गाडीबद्दल सांगत होते, आणि आई एंजिन कुठे, क्लच कसा, असं विचारत होती. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, एक रविवार काढू. चालवणार का?" आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चालवणार," म्हणाली.

मी मोडता घालणार होते. मग वाटलं, हेच बरं. तिला चालवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन आणि दादाला काय ते एकदाचं सांगून टाकीन. काकांनी त्या दिवसापुरतं तिचं नाव विम्यात घालून घेतलं. माझा नवरा सहा फुटी असल्यामुळे त्याला घरी ठेवलं. मी, आई आणि माझी तेरा वर्षांची रेवा निघालो.

हौगांग

क्लेमेंटीहून हौगांग म्हणजे बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. औट्रम पार्कला गाडी बदलायची, तासभर हाताशी ठेवायचा. रविवारी सकाळी निवांत बसायला मिळतं. काकांच्या इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये काया टोस्ट आणि कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, घेतली. काया म्हणजे नारळाच्या दुधाचा, अंड्याचा गोड जॅम. तो आईला आवडला, पण कोपी "काढा आहे हा" म्हणून तिने माझ्याकडे सरकवली. चौघांचं मिळून वीस डॉलरच्या आत भागतं.

पार्किंगच्या वरच्या मजल्यावर काकांनी कापडी आच्छादन काढलं आणि आतून फिकट हिरवी, पांढऱ्या टपाची एवढीशी वस्तू निघाली. शेजारच्या व्हॅनच्या खिडकीच्या वरच्या कडेपर्यंतही तिचा टप पोचत नव्हता.

"सो स्मॉल लाह!" रेवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "हाऊ टू सिट?"

"आधी बस, मग बोल," काका म्हणाले.

बसलो, आणि गंमत म्हणजे खरंच बसलो. मागे माझे गुडघे कुठे टेकले नाहीत. दारांना आतून पोकळ कप्पे, त्यांत पाण्याच्या बाटल्या, छत्र्या आणि आईची पर्स सगळं गेलं. काचा खाली जात नाहीत, बाजूला सरकतात. दार उघडायला आतून हँडल नाही, एक दोरी ओढायची. एसी अर्थातच नाही. तुम्हाला कुणी अशी फेरी देऊ केली तर सुती कपडे घाला आणि टॉवेल न्या.

निघण्याआधी काकांनी बॉनेट उघडून दाखवलं. एंजिन आडवं बसवलेलं, आणि त्याच्या पुढच्या बाजूला चक्क भांडी घासायचा पिवळा रबरी हातमोजा! प्रत्येक बोट टोकाला कापून त्यातून एकेक वायर बाहेर काढली होती. या जुन्या मिन्यांत वीज वाटून देणारा भाग अगदी जाळीमागे असतो, पावसाचं पाणी थेट त्याच्यावर येतं आणि गाडी रुसते. चार वायरी चार सिलिंडरच्या, एक वीज आणणारी. हातमोजा अगदी मापात बसतो. जगभरचे मिनीवाले हाच इलाज करतात म्हणे.

"माझ्या मोरीतला जातो दर वेळी," काकांना निरोप द्यायला आलेल्या काकू म्हणाल्या.

जुना अप्पर थॉमसन रोड

काका चालवत असताना मिनीचा इतिहास सांगत होते. सुएझ कालव्याच्या भानगडीनंतर इंग्लंडात पेट्रोलचे वांधे झाले, तेव्हा कमी पितील अशा गाड्यांची निकड भासली. चार माणसं नीट बसतील आणि लांबी दहा फुटांच्या आसपास, असं एंजिनिअरला सांगण्यात आलं. त्याने एंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली घातला, चाकं दहा इंची केली आणि स्प्रिंगच्या जागी रबर लावलं. वाचलेली सगळी जागा माणसांना दिली. १९५९ साली गाडी बाजारात आली ती एकाच वेळी दोन नावांनी. आधी लोक हसले. मग बर्फातल्या डोंगरी शर्यतींत तिने मोठ्या गाड्यांना मागे टाकलं, तसे दूधवाल्यापासून नटनट्यांपर्यंत सगळे तिच्यात बसायला लागले. जुन्या रूपातली मिनी थेट २००० सालापर्यंत बनत राहिली. आताची नवी मिनी जर्मन मालकांची आणि अंगाने बरीच भरलेली आहे. ती शेजारून गेली की काका तोंड फिरवतात.

जुना अप्पर थॉमसन रोड हा आता गर्द झाडीतला एकेरी रस्ता आहे. एकेकाळी इथे मोटारशर्यती व्हायच्या, आणि वळणांना अजूनही तेव्हाची नावं आहेत. वळणांवर मिनी खिळल्यासारखी चिकटून जात होती. शेजारी बसलेल्या आईचा उजवा पाय, तिथे ब्रेक असल्यासारखा, आपोआप चटईवर दाबला जात होता. माकडं पुष्कळ आहेत, खाण्याचं काही हातात धरू नका. पुढे एका दुकानात प्राटा खाल्ला. आपल्या पराठ्याचा पापुद्र्यांचा भाऊ, साधा दोन डॉलरच्या आसपास, सोबत डाळीची आमटी. आईने दोन खाल्ले.

दुकानासमोर तीन जण गाडीचे फोटो काढून गेले. एका म्हाताऱ्या चिनी आजोबांनी टपावर हात ठेवला आणि ते काकांना म्हणाले, "माय फर्स्ट कार. सेम कलर. यू टेक केअर अह." त्यांचा हात बराच वेळ तिथे होता.

"रोज का नाही हो काढत हिला?" आईने विचारलं.

"काढता येत नाही, वहिनी. इथे जुन्या गाड्यांचा वेगळा नियम आहे. वर्षातले ठरावीकच दिवस रस्त्यावर आणायची. त्या बदल्यात कर कमी, आणि भंगारात घालायची सक्ती नाही."

"म्हणजे दिवस राखून वापरायची."

"अगदी. पाऊस असला की मी काढत नाही, रात्री काढत नाही. दिवस वाया जातो."

आई बडीशेप चघळत गाडीकडे बघत राहिली.

लिम चू कांग

मंडाई, क्रांजी असं करत बेटाच्या वायव्य टोकाला आलो. इथे सिंगापूर सिंगापूरसारखं दिसत नाही. शेतं, रोपवाटिका, दफनभूमी आणि मैलोगणती सरळ रुंद रस्ता. मिनी नसली तरी या, ९७५ नंबरची बस जाते, फक्त ती चुकवू नका. रविवारी गर्दी असते ती सायकलवाल्यांची.

इथे काकांनी किल्ली आईच्या हातात दिली.

स्टिअरिंग थाळीसारखं आडवं. "एसटीची ड्रायव्हर झाले बाई," असं म्हणत तिने सीट पुढे ओढली, आरसा लावला आणि जमिनीवरचं स्टार्टरचं बटण दाबलं. पहिल्या गिअरला गाडी कर्रकन ओरडली. काका शांतपणे म्हणाले, "पूर्ण थांबल्याशिवाय पहिला घ्यायचा नाही." पुन्हा ती एकदाही ओरडली नाही.

मी मागे बसून परीक्षकासारखी टिपत होते. सायकलवाल्यांना अंतर देते? देते. आरशात बघते? बघते. वळताना आधी सिग्नल? हो. तिचे खांदे सैल झाले होते, मान ताठ होती. बाबा गेल्यापासून असा चेहरा मी पाहिला नव्हता. मला एकदम इतका आनंद झाला की दादाला लगेच मेसेज करावासा वाटला. रस्ता संपतो तिथे समुद्र आहे, पलीकडे मलेशियाचं जोहोर. तिने गाडी वळवून उभी केली, आम्ही फोटो काढले आणि ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली.

परतताना आभाळ फाटलं. इथला पाऊस कसलीही पूर्वसूचना देत नाही. वायपर इकडून तिकडे जाईपर्यंत काच पुन्हा पांढरी होत होती. हातमोज्याने आपलं काम चोख केलं, एंजिन एकदाही अडखळलं नाही. पण आईने वेग कमी केला, डावा सिग्नल दिला, बसस्टॉपच्या पुढे रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"दिलीपराव, आता तुम्ही घ्या. मला पुढचं नीट दिसत नाहीये."

भिजत भिजत दोघांनी जागा बदलल्या. म्हणजे दादाचंच बरोबर. आता हे तिला मीच सांगायचं, आणि तेही आज, ती एवढी खूश असताना. जुरोंग येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते आणि खोडत होते.

क्लेमेंटी

घराजवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, उतरलो. पाऊस ओसरला होता. काकांनी उसाचा रस आणला. मी घसा साफ केला, तेवढ्यात आई म्हणाली, "मनू, दादाला फोन लाव. स्पीकरवर."

मी लावला.

"सुनील, गाडी विकायची नाही," आई म्हणाली. "मी दिवस ठरवलेत. मंगळवारी मंडई, शनिवारी भिशी. उजेडात जायचं, उजेडात यायचं. गावाबाहेर गेले तर वाढे फाट्यापर्यंत. पाऊस असला की गाडी घरी, मी रिक्षाने. इथे जुन्या गाडीला असेच दिवस देतात. मला तेवढे पुरतात."

"आई, अगं तो गाडीचा नियम आहे! तू काय गाडी आहेस?"

"मग गेटला घासली तेव्हा तू विकायला काय निघाला होतास? चूक माझी होती, गाडीत कुठे बिघाड होता?"

दादा म्हणाला, "आणि एखाद्या दिवशी दिसलं नाही तर?"

"आज दिसलं नाही. मी थांबले. विचार मनूला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दिवसभर ती कुठे चुकते ते बघत होते, आणि ती थांबली तेव्हा मी तिलाच नापास करून टाकलं होतं. मला माझीच लाज वाटली. "थांबली, दादा," मी म्हटलं. "मी सांगायच्या आधी थांबली. सिग्नल देऊन."

"आज्जी इज सेफर दॅन टॅक्सी अंकल, लाह," रेवाने भर घातली.

काका आमच्या घरी माझ्या नवऱ्याचे कोरडे कपडे घालून हौगांगला परत गेले. त्यांचा त्या वर्षातला एक दिवस आमच्यावर खर्च झाला होता. आईने त्यांना भाजणीची पिशवी दिली, आणि काकूंसाठी नवे रबरी हातमोजे.

त्यानंतर

आई परत जाऊन आता काही महिने झाले. मी अजूनही गाडी घेणार नाही. पण रस्त्यात एखादी जुनी मिनी दिसली की थांबून बघते. तिला आता कुणी वेग मागत नाही, तिच्याकडून जेवढं होतं तेवढंच करू देतात, आणि म्हणून ती अजून चालते आहे.

गेल्या आठवड्यात दादा साताऱ्याला गेला होता. स्टँडवर उतरला तर धो धो पाऊस, आणि आई छत्री घेऊन रिक्षात. "शनिवार होता गं," तो मला फोनवर म्हणाला. "मला वाटलं, मला न्यायला तरी गाडी काढेल. नाही म्हणजे नाही. मला उगीचच वाईट वाटलं."

सोमवारी सकाळी आभाळ मोकळं होतं. तिने एक जादा दिवस मंजूर केला आणि पुण्याच्या बससाठी त्याला वाढे फाट्यावर सोडायला गेली. "मी शेजारी बसलो," दादा म्हणाला, "आणि अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोललो नाही."

मी आईला विचारलं, खरं का?

"खरंय," ती म्हणाली. "पोवई नाक्याच्या पुढे झोपला होता. फाट्यावर हलवून उठवावं लागलं."