उमरावाचे घोडे

आमच्या हिच्या दादाइतका मनापासून रागावणारा माणूस अख्ख्या आयर्लंडात दुसरा नव्हता. बाकीचे लोक कारण मिळालं की रागावतात; दादा आधी रागावून घ्यायचा आणि कारण मग सवडीनं शोधायचा. गॉलवेचा पाऊस वरून न पडता आडवा येतो म्हणून त्याचा पावसावर राग, आणि पाऊस थांबलाच तर आता छत्री उगाच वागवावी लागणार म्हणून उन्हावर राग. इथे कुणालाही 'कसे आहात' विचारलं की 'ग्रँड' असं उत्तर येतं, त्यावर तर त्याचा विशेष दात होता. "पाय प्लास्टरमध्ये, हातात कुबड्या, आणि म्हणे ग्रँड! भावोजी, ही माहिती झाली की फळ्यावरचा सुविचार?" तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो आणि पाठीमागे अरे-तुरे. रागीट माणसांच्या बाबतीत हेच बरं पडतं.

दादा म्हणजे हिचा सख्खा भाऊ नव्हे, आत्येभाऊ. वय अठ्ठेचाळीस, बिनलग्नाचा. हृदयाच्या शिरांमध्ये घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या इथल्या एका कारखान्यात तो तपासनीस होता. दिवसभर भिंगाला डोळा लावायचा, केसाएवढा दोष शोधायचा, आणि सापडला की फॉर्म भरायचा: काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा काय, निर्णय काय. देवानं या माणसाला अगदी योग्य नोकरी दिली होती, फक्त ती संध्याकाळी संपते हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं. एका होळीला हिने केलेल्या पुरणपोळीवर त्याने जेवताजेवता फॉर्म भरला. 'अपेक्षित: पुरण कडेपर्यंत. प्रत्यक्षात: कडेच्या दोन सेंटिमीटर अलीकडे. पुरावा: सोबत तुकडा. निर्णय: आहे तशी वापरावी.' आणि पाच पोळ्या खाल्ल्या. ही तो फॉर्म हसत हसत सगळ्यांना दाखवते. मला अजून राग येतो.

वीस सालच्या शेवटी, ऐन कोरोनात, सरकारने नियम काढला की एकट्या राहणाऱ्या माणसाला कुठल्याही एका कुटुंबाशी जोडून घेता येईल, त्यांच्या घरी जाता-येता येईल, आणि एकदा जोडलेलं कुटुंब पुन्हा बदलता येणार नाही. असला नियम मी यापूर्वी फक्त लग्नात पाहिला होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे कुणी जायचं नाही असा काळ. दादा आमच्यापासून तीन किलोमीटरवर. तेव्हापासून दर रविवारी साडेबाराच्या ठोक्याला तो आमच्या दारात उभा, आणि पायपुसणं तिरकं आहे इथपासून सुरुवात. आमच्या शेजारी एक आयरिश म्हातारबाबा राहतात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून ते मला विचारायचे, "युअर मॅन इज गिव्हिंग आउट अगेन, इज ही?" तुमचा तो गृहस्थ पुन्हा तापलाय वाटतं, असा त्याचा अर्थ. मी म्हणायचो, "ग्रँड!"

पण दादाच्या सगळ्या रागांचा मुकुटमणी म्हणजे तो सिनेमा. दादाचे वडील, आमचे अण्णा, पिंपरीच्या कारखान्यात फोरमन होते. दादा लहान असताना कंपनीने त्यांना तीन महिने जर्मनीला पाठवलं. येताना अण्णांनी एक व्हीसीआर आणला आणि त्याच्याबरोबर एकुलती एक कॅसेट: कृष्णधवल, जुनापुराणा, जर्मन भाषेतला रक्तपिपासू पिशाच्चाचा सिनेमा. दिवसा शवपेटीत झोपणारा आणि अंधार पडला की गावकऱ्यांच्या मानेला लागणारा एक उमराव, कंदील धरणारा त्याचा वाकलेला नोकर, आणि धुकं. दुसरी कॅसेट घरात नसल्यामुळे दर रविवारी दुपारी बापलेक हाच सिनेमा बघत, आणि अण्णा शेजारी बसून प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगत. इतर मुलं ज्या वयात रामरक्षा पाठ करतात त्या वयात दादाला अख्खा उमराव तोंडपाठ होता.

त्यातला शेवटचा प्रसंग दादाने मला इतक्या वेळा सांगितलाय की मी तो झोपेतही म्हणून दाखवेन. सूर्य उगवायला थोडाच अवकाश आहे. उमराव लांबलचक टेबलाच्या एका टोकाला बसलाय, दुसऱ्या टोकाला रिकामी खुर्ची. तो नोकराकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "तहान लागते म्हणून मी लोकांकडे जात नाही रे. एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो. समोर कुणीतरी बसा." मग ऊन येतं आणि उमरावाची राख होते. हे सांगताना दादाचा आवाज बसायचा, आणि आवाज बसला म्हणून तो स्वतःवरच रागवायचा.

तर या सिनेमाची, ओरखडे काढून, धुऊनपुसून स्वच्छ केलेली नवी डिस्क इंग्लंडातल्या एका कंपनीने काढली. दादाने ती नाताळात मागवली आणि नेमकं नव्या वर्षापासून ब्रेक्झिटमुळे इंग्लंडहून येणारं प्रत्येक खोकं कस्टम्समध्ये अडकायला लागलं. सात आठवडे तो इंग्लंडवर रागावला होता. इतका सलग राग मी पुस्तकातल्या क्रांतिकारकांतही पाहिला नाही. अखेर डिस्क आली. तिच्या पेटीचा कोपरा चेपला होता, तो त्याने व्हर्नियरने मोजला. मग आमच्या टीव्हीवर ती लागली, कारण आमचा टीव्ही मोठा. पहिल्याच दृश्यात किल्ल्यावर वीज चमकत नाही म्हणून त्याने ती थांबवली. ती वीज म्हणजे कॅसेटवरचा ओरखडा होता हे मी सुचवून पाहिलं. "भावोजी, तुम्ही सॉफ्टवेअरवाले. तुम्हाला दिसणाऱ्या वस्तूंतलं काही कळत नाही," असं मला ऐकवण्यात आलं.

आणि मग शेवटचा प्रसंग आला. टेबल, रिकामी खुर्ची, कंदील. उमरावाने नोकराकडे पाहिलं, ओठ हलले, आणि पडद्याखाली इंग्रजी ओळ उमटली: घोड्यांना पाणी दाखवलंस का? पुलाकडचा रस्ता चिखलाचा आहे.

दादा उभाच राहिला. "घोडे? साडेतीनशे वर्षांचा माणूस, समोर मांडलेलं ताट, सूर्य उगवला की मरणार, आणि चौकशी कुणाची? तर घोड्यांची! कुणी गाढवानं केलंय हे भाषांतर?" त्याने तिथेच फॉर्म काढला. अपेक्षित, प्रत्यक्षात, सगळं लिहिलं. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं: माझे वडील, जर्मन जाणकार. मी म्हटलं, लहानपणची आठवण आहे दादा, माणसाची गल्लत होते. तर म्हणाला, "शंभर रविवार, भावोजी! शंभर रविवारांत अण्णांचं मराठी एका शब्दानं बदललं नाही. शंभरदा मोजून तेच माप येत असेल, तर मोजणाऱ्याला चूक ठरवायचा तुम्हाला काय अधिकार?" पुढच्या रविवारी अण्णांना व्हिडिओवर घेऊन त्यांचा जबाब लिहून काढायचा आणि कंपनीला पाठवायचा असं ठरलं.

तो गेल्यावर ही स्वयंपाकघरात ताटं ठेवताना म्हणाली, "अण्णांना कुठलं आलंय जर्मन?"

"म्हणजे?"

"अहो, तिथे त्यांना साधा चहा मागता यायचा नाही. तीन महिने दूध-पाव खाऊन राहिले. ते परत आले तेव्हा आत्या होती, तीच सांगायची सगळ्यांना. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

"दादाला?"

"दादाला कोण सांगणार!"

ही बातमी मिळाली आणि माझा आठवडा नासला. दादाने जगातल्या एकूण एक गोष्टीत खोट काढली होती. बिनखोटीचं असं एकच माप त्याच्याकडे होतं, ते अण्णांचं. ते आता मी डोळ्यांदेखत मोडू द्यायचं? आणि अण्णा पुण्यात एकटे, एक्याऐंशी वर्षांचे, विमानं बंद, तीन वर्षांत बापलेकांची गाठ नाही. रविवारी दहा मिनिटांचा फोन व्हायचा. त्यात पाच मिनिटं हा त्यांच्यावर रागवायचा आणि पाच मिनिटं ते याच्यावर. तेवढाही बंद पडला म्हणजे? मला दादाचा राग आला, हिचा आला, आणि डिस्कच्या कंपनीचा सगळ्यात जास्त आला. माणसाने इतकं अचूक भाषांतर करू नये.

रविवारी दुपारी आमच्याकडे दोन वाजले होते, पुण्यात साडेसात. टॅबलेटवर अण्णा दिसले. पुढ्यात ताट, ताटावर झाकण. स्वयंपाकाच्या बाई करून ठेवून गेलेल्या. दादाने टॅबलेट टीव्हीसमोर धरला. "अण्णा, नीट ऐका आणि हा काय म्हणतोय ते सांगा. लेखी पाठवायचंय." प्रसंग लागला. मी पडद्याकडे बघितलंच नाही.

अण्णा म्हणाले, "घोड्यांना पाणी दाखवलंस का, म्हणतोय."

"अण्णा!"

"अरे, खाली लिहिलंय की इंग्रजीत."

"खालचं वाचू नका! जर्मन ऐका!"

"जर्मन मला कधी येत होतं?"

दादाचा हात खाली आला. टॅबलेटमध्ये आता आमचा गालिचा दिसत असणार. "पण दर रविवारी तेच सांगत होतात तुम्ही. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"नसणारच! पहिल्या खेपेला सुचेल ते सांगितलं. दुसऱ्या रविवारी एक शब्द बदलला, तर ताट भिरकावलंस तू. मग सगळं वहीत लिहून काढलं आणि कंपनीच्या बसमध्ये पाठ करत जायचो. वही आहे अजून."

"आणि ते... एकट्यानं जेवायचं?"

आता अण्णा तापले. या घराण्याचा राग कुठून आलाय ते मला त्या दिवशी कळलं. "मग काय घोडे सांगायला हवे होते तुला? तुझी आई जाऊन चार महिने झाले होते. तू आपलं ताट घेऊन खोलीत जायचास आणि मी स्वयंपाकघरात बसायचो. बापाचं म्हणून कधी काही ऐकलंस? पिशाच्चाचं ऐकलंस, म्हणून बाहेर येऊन बसलास समोर!"

दादाने फोन बंद केला. तो ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो, म्हातारबाबाही भिंतीपलीकडे वाट बघत असतील. तो ओरडला नाही. त्याने डिस्क पेटीत घातली, जाकीट चढवलं आणि जाताना पायपुसण्यावर काहीही न बोलता निघून गेला. त्या माणसाची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

तीन रविवार तो आला नाही, फोनही उचलला नाही. चौथ्या रविवारी हिने डबा भरून मला पिटाळलं. त्याच्या घराच्या खिडकीतून आत पाहिलं तर दादा टेबलाशी जेवत होता. समोरच्या खुर्चीपुढे लोणच्याच्या बरणीला टॅबलेट टेकवलेला, आणि त्यात अण्णा घास घेत होते. दोघं तावातावाने भांडत होते. आमटीत गूळ असावा की नसावा हा विषय होता. मला बघून दादा दार उघडायला आला तो ओरडतच, "बेल काय शोभेला लावलीय, भावोजी?" मला इतकं बरं वाटलं की मी उलट त्याच्यावरच ओरडलो. आत फ्रिजवर तो फॉर्म लावला होता. पुराव्याच्या रकान्यातला 'जर्मन जाणकार' खोडून तिथे 'वही' असं लिहिलेलं, आणि खाली निर्णय: आहे तसं वापरावं.

विमानं सुरू झाल्यावर एकवीसच्या हिवाळ्यात तो पुण्याला गेला, आणि सुट्टी घेऊन नव्हे, नोकरी सोडून. विमानतळावर रांगेवर रागावला, बॅग मोजणाऱ्या काट्यावर रागावला, आणि निरोप घेताना त्याने डिस्क माझ्या हातात कोंबली. "तुम्हाला राहू दे. अण्णांकडे जुनी कॅसेट आहे. तिच्यावर खाली काही लिहिलेलं नाही."

त्यानंतर आमचं पायपुसणं तिरकं असलं तरी कुणी काही म्हणेना. दोन-तीन रविवार गेल्यावर म्हातारबाबांनी भिंतीवरून विचारलं, की तुमच्याकडे हल्ली फार शांत असतं, युअर मॅन कुठे गेला? मी म्हटलं, वडिलांकडे. पाऊस आडवा येत होता, म्हणून त्यांना आत बोलावलं. आणि बोलायला काही सुचेना म्हणून डिस्क लावली. त्यांनी चष्मा आणला नव्हता, पण धुकं आणि किल्ला त्यांना पसंत पडला. शेवटी टेबल आलं, रिकामी खुर्ची आली, उमरावाचे ओठ हलले.

"व्हॉट्स ही सेइंग?" म्हातारबाबांनी विचारलं.

पडद्यावर स्वच्छ, ठळक अक्षरांत घोडे होते. मी म्हटलं, "तो म्हणतोय, एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो. समोर कुणीतरी बसा."

ऊन आलं, उमरावाची राख झाली, नावं सरकायला लागली. मग म्हातारबाबा म्हणाले, "वेल, ही इज राइट." आणि उठून आपली टोपी शोधायला लागले. एवढी ओळ आमच्या गळ्यात मारून तिकडे खुशाल समोरासमोर जेवत बसलेल्या दादाचा मला अस्सा राग आला! मी त्यांची टोपी परत खुंटीला लावली आणि हिला हाक मारून सांगितलं, आज तीन पानं वाढ.