गोदाआत्याच्या गाईंच्या घाट्या

गोठ्याचं दार उघडण्याआधी गोदाआत्या प्रत्येक गाईच्या गळ्यातली घाटी हातानं हलवून बघायची. घाटी वाजली की पाठीवर थाप मारून म्हणायची, "जाय माय, पोट भरून ये." मग पुढची गाय. सगळ्या घाट्या वाजल्याशिवाय एकही गाय बाहेर पडायची नाही. लग्न होऊन मी चारठाण्याच्या वरच्या अंगाला, त्या डोंगराळ गावात आले तेव्हा पहिल्याच सकाळी या आवाजानं जागी झाले. जवळ देऊळ आहे वाटतं, असं मी यांना म्हटलं, तर हे पोट धरून हसले.

मी परभणीत वाढलेली. गाय बघायची ती भिंतीला चिकटून, लांबूनच. गोदाआत्या आमची शेजारीण. नात्यानं कुणाचीच कुणी नाही, पण सगळ्या गावाची आत्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नाही, मागं राहिला तो लाल कंधारी गाईंचा कळप. तिच्या अंगणातून जाताना मी पदर आवळून पळायची. ती खो खो हसायची. "अगं ए परभणीवाली, खात न्हाई ती तुला! तू काय कडबा हाईस का?"

दूध मात्र तिनं जन्मात विकलं नाही. "दूध इकलं की गाईचा पान्हा आटतो," असं म्हणायची. तूप कढवून जिंतूरच्या बाजारात पाठवायची, आणि दूध ज्या घरात तान्हं पोर असेल त्या घरी फुकट. करीमचाचा पिंजाऱ्याचा नातू तिच्याच दुधावर वाढला. माझी मुलगी झाली आणि मला पुरेसं दूध येईना, तेव्हा सांगायलासुद्धा जावं लागलं नाही. रोज सकाळी उंबऱ्यावर झाकलेला तांब्या असायचा. तूप कढवलं की तळाची बेरी गुळात कालवून मला आणून द्यायची, आणि समोर बसून खायला लावायची. "बाळंतिनीनं लाजू नये, अन् गाईनं लाथाडू नये," ही तिची म्हण. कुठून आणायची कोण जाणे!

मग ते भीतीचं साल आलं. आमच्या गावाच्या उत्तरेला डोंगर, डोंगरात खिंड, खिंडीपलीकडं ओढा, आणि ओढ्यापलीकडं वऱ्हाड. अलीकडं निजामाचं राज्य. हे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या वऱ्हाडातल्या कॅम्पात जाऊन मिळाले होते. रझाकारांनी खिंडीच्या तोंडाशी नाका बसवला. जनावरं घेऊन माणसं पळून जातात म्हणून सकाळी जाणारी ढोरं आणि माणसं मोजायचे, संध्याकाळी परत येणारी मोजायचे. शेजारच्या एका गावात सांजेला कळप परतला नाही, तर त्यांनी कडब्याच्या गंज्या पेटवल्या, आणि गंज्यांबरोबर घरंही गेली. धूर आम्हाला आमच्या अंगणातून दिसला. त्या दिवसापासून दारावर कुत्र्यानं अंग घासलं तरी मी पोरीला उचलून घ्यायची.

एका दुपारी दोघं रझाकार माझ्या दारात आले. नवरा कुठं आहे विचारलं. मला माहीत नाही म्हटलं. त्यातला एक शांतपणे म्हणाला, "परसों आके तुमको ले जाते. फिर वो खुद आएगा." ते गेल्यावर मी दाराला कडी लावली. गोदाआत्या भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. आली, पोर मांडीवर घेतली आणि म्हणाली, "उद्या सकाळी माज्यासंगं ढोरामागं चलायचं."

"दिवसाढवळ्या? आत्या, रात्री निघू."

"रातीला ढोरं हाकनारा चोर असतो. दिसा हाकनारा गुराखी."

"मग निदान घाट्या तरी काढ. लांबून ऐकू जातात."

तिचा चेहरा एकदम कडक झाला. "मुकं ढोर चोरीचं वाटतं, लेकी. अन् घाटी काय कवाबी काढायची असती व्हय? धनी मेला तरच काढायची. माजा मालक गेला तवा सासऱ्यानं समद्या उतरवल्या. ढोरं मुकीच गेली, मुकीच आली. गावाला सांगावं लागलं न्हाई. मंग म्या बांधल्या."

"तूच का?"

"ज्याला सांजच्याला दार उघडायला घरी ऱ्हायचंय, त्यानंच बांधायची."

सकाळी तिनं मला तिचं फाटकं लुगडं नेसवलं, कपाळ-हातांना शेण-माती फासली. शेण गोळा करायच्या डालीत गोधडी घालून पोरीला झोपवलं, वर पळसाची पानं टाकली आणि डाली माझ्या डोक्यावर ठेवली. कळपाच्या मधोमध मला चालवलं. दोन्ही बाजूंना शिंगं! एरवी मी किंचाळले असते. त्या दिवशी शिंगांची भीतीच वाटेना, इतकी दुसरी भीती पोटात होती.

नाक्यावर बाजेवर तिघं बसले होते. त्यातला एक काठीनं ढोरं मोजायला लागला. "आज दो औरतां?" त्यानं विचारलं.

"शेन येचायला आनलीया, मालक. मला वाकवत न्हाई आता," आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली.

तो माझ्याजवळ आला. तेवढ्यात डालीत पोर कुरकुरली. आधी बारीक, मग मोठ्यानं. आता संपलं, एवढंच मनात आलं.

आणि गोदाआत्यानं, जिनं आयुष्यात गाईवर बोट उगारलं नव्हतं तिनं, हातातली काठी सगळ्या ताकदीनं चंद्रीच्या पाठीत घातली. चंद्री ही कळपातली म्होरकी. ती उधळली, तिच्यामागं सगळा कळप उधळला. घाट्यांचा असा कल्लोळ उठला की पोरीचं रडणं मलाही ऐकू येईना. बाज उलटली, माणसं बाजूला पळाली, शिव्या सुरू झाल्या. आत्या ओरडत होती, "बुजली वं माय, बुजली! पळ पोरी, म्होरं जाऊन आडव!" मी डाली धरून पळत सुटले.

ओढ्याशी पोहोचल्यावर ती आधी चंद्रीकडं गेली. पाठीवरचा वळ चोळत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिचे पाय धरले. "आत्या, तूही चल. संध्याकाळी दुसरी बाई कुठं विचारतील तुला."

"सांगन, म्हायेराला गेली."

"ते मारतील गं!"

"अन् ढोरं परतली न्हाईत तर गाव जाळतील. तुजं एक पोर डालीत हाय, लेकी. गावात किती हायेत?" मग हसून म्हणाली, "जाय माय, पोट भरून ये." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

पलीकडच्या टेकडीवर मी दिवस कलेपर्यंत बसून राहिले. पुढं जा म्हणून लोक सांगत होते, पण पाय निघेना. उन्हं उतरल्यावर घाट्या खिंडीकडं निघाल्या. नाक्यापाशी थांबल्या. किती वेळ थांबल्या कोण जाणे. मग पुन्हा वाजायला लागल्या. सावकाश, एकामागून एक, गावाच्या दिशेनं. सोडलं तिला! मी पोरीला छातीशी धरून रडले आणि कॅम्पाची वाट धरली.

पोलिस ॲक्शन झाल्यावर आम्ही परतलो. गावात शिरलो तेव्हा सांज होती. वेशीवर धूळ दिसली, चंद्री दिसली, मागं सगळ्या गाई. चालत होत्या, पण आवाज नव्हता. मी तिथंच मटकन खाली बसले.

कळपामागून करीमचाचा आला. मला ओळखून तोही खाली बसला. "मैंच उतारा घाट्यां," तो म्हणाला. "उस दिन शामकू ढोरां अकेलेच घरकू आए, बेटी. गोदाबहन नाके सेच नै आई."

म्हणजे मी टेकडीवर ऐकलं, देवाला हात जोडले, तेव्हा गाई एकट्याच घरी निघाल्या होत्या.

चाचानं सगळ्या घाट्या तिच्याच एका जुन्या लुगड्यात बांधून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते गाठोडं घेऊन गोठ्यात गेले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. चंद्रीनं मान हलवली तशी मी दोनदा मागं सरले. मग डोळे मिटून तिच्या गळ्यात हात घातला आणि घाटी बांधली. हलवून बघितली. वाजली. पाठीवर जिथं तो वळ उठला होता तिथं थाप मारायचा धीर झाला नाही, म्हणून नुसता हात ठेवला.

हे म्हणाले, "अगं, आपण परभणीला जाऊ. मला तिथं नोकरी मिळेल."

"तुम्ही जाऊन या," मी म्हटलं. "मला सांजच्याला दार उघडायचंय."