गूळतुला

म्हातारपणाचं प्रदर्शन कसं मांडावं ते आमच्या चुलतभावाकडून शिकावं. शिरोली एमआयडीसीत फौंड्री, कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि तोंडी कायम एकच वाक्य, "आम्ही आबांना एकटं ठेवलं नाही."

आबा म्हणजे त्याचे वडील, माझे चुलते. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गावात म्हैस सांभाळत एकटेच राहायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून त्यानं त्यांना शहरात आणलं. डोळा बरा झाला की परत सोडायचं, तोवर म्हैस शेजाऱ्याच्या गोठ्यात राहील, असं ठरलं होतं. डोळा बरा झाला, पावसाळा सरला, आबा तिथंच. गाव म्हणजे काही स्वर्ग नव्हता. तिथली पोरंही म्हाताऱ्यांची खाट गोठ्याकडेला टाकून मोकळी होतात. पण निदान बापाला इस्त्रीचा सदरा घालून सोफ्यावर मांडून ठेवत नाहीत.

मी गेलो की आबा लेकाला हटकून विचारायचे, "म्हस कशी हाय रं? मला कवा सोडतोस?"

"मजेत हाय. शेजारी बघतोय की," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचा. मलाही ते खरंच वाटायचं.

चौकात पहाटे गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. आबा रोज तिथं जाऊन बसायला लागले. एकदा गवळ्यानं त्यांना धार काढू दिली. त्या दिवशी म्हातारा मोकळेपणानं बोलला, पोटभर जेवला. पण लेकाच्या कानावर गेलं. "कारखानदाराचा बाप रस्त्यात म्हशी पिळतोय, लोक काय म्हणतील?" झालं, ते बंद. मग त्यानं आबांना बागेतल्या हास्यक्लबात घातलं. तिथं निवृत्त साहेबलोक हात वर करून ठरवून हसायचे आणि मग आपापली शुगर एकमेकांना सांगायचे. आबा दोनच दिवस गेले. मला म्हणाले, "इनोद न्हाय, काय न्हाय, आन् हसत्यात."

आबा ऐंशीचे झाले तेव्हा चुलतभावानं सहस्रचंद्रदर्शनासाठी हॉल घेतला. आमच्या शेतकरी भावकीत असला सोहळा कुणी पाहिला नव्हता. सोसायटीतल्या कुणीतरी केला, म्हणून ह्यानंही केला. वर ऐट म्हणून गूळतुला. भला मोठा तराजू, एका पारड्यात आबा, दुसऱ्यात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. फोटोत गावाकडचे फेटे दिसायला हवेत म्हणून त्यानं शेजाऱ्यालाही बोलावलं होतं. आपण ह्याच शेजाऱ्याच्या नावावर खोटं बोलतोय, एवढंही त्या दिवट्याच्या ध्यानात राहिलं नाही.

शेजारी रवा ठेवायला पुढं आला. पारड्यात बसलेल्या आबांनी विचारलं, "म्हस कशी हाय?"

"मला काय ठावं? तुमी हिकडं आला, त्याच आठवड्यात पोरानं बाजार दाखवला की तिला."

आबांनी लेकाकडं बघितलं. लेक गूळ नीट रचत होता.

फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, जरा हसा." आबा हसले. बागेतले साहेबलोक हसायचे तसेच.

त्यानंतर त्यांनी म्हशीचं नाव काढलं नाही, गावाचंही नाही. चुलतभाऊ येईल त्याला तो फोटो दाखवून सांगायचा, "आबा आता रमले बघा."