शंकूच्या आत

अंगावर येणारा गोळा चुकवायला मी उडी मारली आणि थेट दप्तरांच्या ढिगात कोसळलो. गोळा चष्म्यातला होता. फरशी मात्र खरी निघाली. आर्णीच्या आमच्या शाळेला मिळालेला एकुलता एक व्हीआर चष्मा तिच्यावर आपटला आणि बंद पडला. मी मराठीचा मास्तर. गणिताच्या चष्म्यात डोकं घालायचं मला काही कारण नव्हतं. "जरासं पाहतो," म्हणालो होतो, एवढंच.

पोरं पोट धरून हसली. रामधन आडे सर तेवढे हसले नाहीत.

सरांनी तीस वर्षं गणित शिकवलं. कागदाचा शंकू तुरीनं भरायचा, तेवढ्याच तोंडाच्या नि तेवढ्याच उंचीच्या डब्यात ओतायचा. तिसऱ्यांदा ओतला की डबा काठोकाठ. "पाह्यलं? आता सांगा, काहून तीनच?" असं विचारून स्वतःच खूश व्हायचे. ज्याचं उत्तर चुकलं त्याला, "तुही तूर सांडली बे!" या चष्म्यात शंकूच्या आत उभं राहून वर टोकाकडे पाहता येतं, हे कळल्यापासून तर डबा खायला बसले की भाकरी हातातच राहायची.

काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा नेला होता. उजवा दिवाळीपर्यंत टिकला तर टिकला, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी एकदा आतून पाहायचं, एवढीच त्यांची हौस. पण बॅटरी दोन तासांत संपायची आणि सर म्हणायचे, "पहिले निकिताले दे, तिले परवा पेपर हाये. मी शनिवारी पाह्यतो." असे चार शनिवार गेले. मी उडी मारली तो शुक्रवार होता. त्या सकाळीच सरांनी चष्म्याच्या काचा स्वतःच्या रुमालानं पुसून ठेवल्या होत्या.

चष्मा दुरुस्त होऊन आला संक्रांतीनंतर. तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. रुपीबाईंनी नवऱ्याची बोटं धरून चहाच्या कपाला लावली, तेव्हाच मी परत फिरायला हवं होतं. तरी चष्मा चढवला, पट्टा आवळला, शंकूचा बोलता धडा सुरू केला. सरांनी मान वर केली. बराच वेळ ती वरच होती.

"सर, दिसते का काही?"

"कोणतरी पोरगी बोलून राह्यली आतमंदी. बाकी काई नाई."

मी चष्मा काढला.  

"सर, माझ्यामुळं तुमचं पाहायचं राहिलं," म्हणालो, आणि 'जाऊ दे बावा' ऐकायला थांबलो.

"हो," सर म्हणाले, "तुह्यामुळंच राह्यलं."