कागदात नसलेली बातमी

मोरू भोईर कॉलेजात शिपाई होता, पण चौकापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्याला शिपाई असं कोणी म्हणत नसे. तो सगळ्यांचा बातमीवाला मोरूदादा. कॉलेज तेव्हा नवं होतं आणि भोवतालच्या गावांशी नातं जोडायची त्याला हौस होती. उन्हाळ्याची सुट्टी लागून पोरं पांगली, की विस्ताराचं काम बघणारे सर सायक्लोस्टाइल यंत्रावर ‘उन्हाळी वार्ता’ काढत. कोणत्या वाडीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला, शिबिराच्या मुलांनी कुठे बांध घातला, गुरांना लस कधी टोचणार, असल्या बातम्या. ते कागद पिशवीत घालून मोरू सायकलवरून गावोगाव जाई आणि वाचून दाखवी.

वाचण्याआधी तो टोपी काढून गुडघ्यावर ठेवी. घाम पुसी. मग सगळे गप्प झाल्याशिवाय एक अक्षर तोंडातून काढत नसे. मध्येच कोणी, “कोंडाण्याकडं म्हणं बिबट्या आलाय,” असं काही काढलं, की तो वाचत्या ओळीवर बोट दाबून विचारी,

“कागदात हाय का?”

“नाय.”

“मग ती बातमी नाय. ती आवई.”

हे त्याचं बोलणं इतकं पसरलं, की पाणवठ्यावर बायकासुद्धा एकमेकींना चिडवत, “तुझा नवरा तुला लुगडं घेणार म्हणतेस, कागदात हाय का गं?” मोरूच्या कानावर ते येई आणि तो मनातून सुखावे.

ओढ्याकाठच्या कातकरवाडीतली मैना त्याची मानलेली बहीण. एका वर्षी ऐन लावणीत मोरूची बायको तापाने पडली, तेव्हा मैनेने न बोलावता येऊन त्याची खाचरं लावून दिली होती. तेव्हापासून भाऊबीजेला मोरू तिच्या दारात. कॉलेजचा वर्ग वाडीत सुरू झाला, तेव्हा त्याने पहिली तिला ओढून नेलं.

“माझा हात कोयत्याचा रं दादा. त्यात पेन्सिल कशी धरू?”

“कोयत्यानं बोट कापतं. पेन्सिलीनं नाय कापत. धर.”

शिमग्यापर्यंत मैना बोटाने अक्षर अक्षर लावून वाचायला लागली. वर्गावरचे पत्रे साजगावच्या बाजूच्या एका कारखान्याने दिले होते, वार्तेचा कागद आणि शाईही त्याच कारखान्याची. म्हणून वार्तेच्या माथ्यावर ‘कॉलेज आणि कारखाना यांच्या सहकार्याने’ अशी ओळ असे. मोरू ती ओळ नेहमी जरा मोठ्याने वाची.

त्या वैशाखात चौकाच्या गॅरेजपाशी चहा पिताना धाऊ भेटला. धाऊ मोरूच्याच गावचा, त्या कारखान्यात पाळीवर होता. नेहमीचा तोंडाळ माणूस त्या दिवशी बशीत बघून बोलत होता.

“मोरू, मोठी टाकी धुवायला काढलीय. आतला गाळ ओढ्यात सोडणार. आमाला नाकाला फडकी बांधायला लावलीत.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतोय की. आनी कोणी म्हणायचं?”

मोरूने तो शब्द तसाच सरांपर्यंत नेला. सर माणूस भला. त्यांनी स्टेन्सिल यंत्रात चढवायच्या आधी हातातली लेखणी थांबवली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “मोरू, ज्यांचा कागद आहे त्यांच्याबद्दल ऐकीव लिहायचं? साहेबांना विचारतो. खात्री झाली तर पुढच्या अंकात घालू. तूच म्हणतोस ना, आवई वेगळी आणि बातमी वेगळी?”

त्यांनी स्टेन्सिल चढवली आणि मोरूने अंक छापून काढला. आपलाच शब्द आपल्याला परत मिळाला होता. तो गठ्ठा पिशवीत घालून निघाला, पण सायकल त्या दिवशी जड चालली.

वाडीच्या अलीकडे ओढा उतरताना त्याला मासे दिसले. मळे, खवली, एक मोठी वांब, सगळे पोट वर करून बारीक धारेवरून सावकाश येत होते. पाण्याला कसलाच रंग नव्हता. वास मात्र होता, गोडसर, घशाशी चिकटणारा. काठच्या करंजावर कावळे बसले होते. एवढे मासे समोर असून एकही खाली उतरत नव्हता. ते पाहून मोरूने सायकल तिथेच टाकली आणि तो धावत सुटला.

वाडीत सण असावा तशी गडबड होती. उन्हाळ्यात धार बारीक झाली, की ओढ्याच्या वरच्या अंगाची वाडी झाडाची साल कुटून डोहात कालवते. मासे गुंगतात आणि वर येतात. ते खाऊन कोणाला काही होत नाही, वाडवडिलांपासून चालत आलेलं. वरच्या वाडीने डोह केला, की वाहून येतील ते मासे खालच्या वाडीचे. त्याला विचारावं लागत नाही, बोलावणंही लागत नाही. तेव्हा मासे आले म्हणजे वरच्यांनी डोह केला, इतकं सरळ होतं ते. पाट्या भरल्या होत्या. चुली पेटल्या होत्या.

“ये दादा!” मैना चुलीपुढून ओरडली. “बरा आलास. आज जेवूनच जा.”

“मैने, उतरव ते मडकं! मासं खाऊ नका. कारखान्यानं ओढ्यात विख सोडलंय.”

बायका हसल्या. बायजा म्हातारी म्हणाली, “मोरूदादा, कागदात हाय का?”

आणखी हशा झाला. मोरूने खांद्यावरच्या पिशवीतून कागद ओढला. टोपी डोक्यावरच होती. कागद समोर धरून तो वाचल्यासारखं म्हणाला, “ओढ्याचं पाणी आनि मासं कोणी वापरू नये. जिवाला धोका हाय.”

हसणं थांबलं. मैना उठली, हात लुगड्याला पुसले आणि कागद त्याच्या हातातून घेतला. तिचं बोट पहिल्या ओळीवरून निघालं. ‘सहकार्याने’ वरून गेलं, गुरांच्या लसीवरून गेलं, शिबिरावरून गेलं. सगळ्या बघत होत्या. मागे मडकं रटरटत होतं. बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

“हितं तर नाय रं दादा.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मोरूने कानामागची पेन्सिल काढली. कागद परत घेतला, मांडीवर ठेवला आणि तळाच्या कोऱ्या जागेत तेच वाक्य लिहून काढलं.

मैनेने पाहिलं. “हे तुझं अक्षर. कॉलेजचं नाय.”

“माझंच. खाली नाव घालतो.”

आणि त्याने पूर्ण नाव लिहिलं. त्याने आजवर कोणत्याच बातमीखाली आपलं नाव घातलं नव्हतं. हा कागद सरांपुढे गेला तर काय होईल, हे त्याला कळत होतं, आणि मैनेलाही कळलं. ती क्षणभर त्या नावावर बोट ठेवून उभी राहिली. मग वळली आणि उकळतं मडकं लाथेने चुलीत उलटं केलं. राखेचा लोळ उठला. आपल्या बोलीत तिने जी हाक दिली, ती ऐकून घराघरातून पाट्या बाहेर आल्या.

सगळ्या आल्या. एक नाही आली.

“मंगळीच्या घरला सकाळीच शिजलं हुतं,” बायजा हळूच म्हणाली.

मंगळीचं दार लोटलेलं होतं. वाडीत दिवसा कोणी दार लोटत नाही. उंबऱ्याशी तिचं कुत्रं रिकाम्या परातीत तोंड घालून पाणी असल्यासारखं चाटत होतं.

चौकातून टेंपो आणला. मंगळी वाचली. तिचा नवरा पोशा वाटेतच गेला.

पुढच्या अंकात ‘ओढ्यात अज्ञात कारणाने मासे मृत’ एवढंच आलं, माथ्यावर तीच सहकार्याची ओळ. मोरूने तो गठ्ठा सरांच्या टेबलावर परत ठेवला. सरांनी वर पाहिलं नाही. तळाला मोरूचं नाव असलेला कागद मैनेने कुडात खोचून ठेवला होता. तो तिने कोणाला दिला नाही.

त्यानंतर मोरू वाडीत जाई तो मोकळ्या हाताने. मैना विचारी, “दादा, आज काय बातमी?”

तो लगेच बोलत नसे. आधी मान वळवून करंजाकडे बघे, कावळे पाण्यावर उतरलेत का ते.