साडूभाऊ गवत जाळतात

आगीवर इतका जीव असलेला आणि तरी काडी ओढायला इतका वेळ लावणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान मूळचे पुण्याचे. ख्राइस्टचर्चच्या एका संशोधन संस्थेत त्यांचं काम होतं डोंगरावरचं गवत आखून, बेतून, थोडं थोडं जाळण्याचं. उन्हाळ्यात वणवा आलाच तर त्याला खायला फारसं काही उरू नये, एवढाच त्यातला हेतू. पण दिवाळीच्या फराळाला कुणी नवखा "आपण काय करता?" म्हणून विचारू लागला, की ते अतिशय मृदू आवाजात सांगत, "गवत जाळतो." नवखा पुढे काही विचारत नसे.

तिथल्या डोंगरांवर टसॉक नावाचं सोनेरी गवत झुबक्याझुबक्यांनी उगवतं. साडूभाऊ चालता चालता थांबत, त्याचं एक पातं खुडत, बोटाभोवती गुंडाळत आणि कितव्या वेढ्याला मोडतं ते डोळे मिटून ऐकत. आम्ही सगळे पुढे जाऊन, डबे उघडून, जेवून परत यायचो, तरी हे वाऱ्याने हलणाऱ्या उतारात विरघळल्यासारखे तिथेच. त्यांची तिकडेच जन्मलेली मुलगी आईला शांतपणे सांगायची, "बाबा इज लिसनिंग टु द हिल अगेन." २०११च्या भूकंपानंतर प्रयोगशाळेची इमारत बंद झाली, तेव्हा गवतातला ओलावा मोजायला त्यांनी ताईंच्या ओव्हनवर कब्जा केला. त्या वर्षीच्या नानकटाईला रानाचा वास होता. पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. साडूभाऊंनी मात्र एक तुकडा नाकाशी धरला आणि म्हणाले, "हा उत्तरेकडचा उतार." ताई म्हणाल्या, "मग आता उतारच खा. मी ओव्हन धुवायला घेतलाय."

त्यांच्या प्रयोगासाठी डोंगरातल्या एका गोऱ्या मेंढपाळाने आपल्या घरामागचा पट्टा जाळू द्यायचं कबूल केलं होतं. दोन वसंत नुसते ओले गेले. तिसऱ्या वसंतात दिवस मिळाला. मी हौसेने थर्मास सांभाळायला गेलो होतो. जमिनीत ओल, पात्यांवरचं दव नुकतंच उडालेलं, बंब घेऊन आलेले गावातले स्वयंसेवक जागोजागी उभे, सगळी यंत्रं हो म्हणतायत. इतकं निवांत होतं, की पलीकडच्या खोऱ्यातली मेंढी चरताना ऐकू यावी. साडूभाऊंनी पश्चिमेला पाहिलं. बर्फाच्या शिखरांवर ढगांची एक लांब कमान धरली होती. वायव्येच्या गरम वाऱ्याची ती खूण. बराच वेळ बघून ते म्हणाले, "आज नको."

मेंढपाळ म्हणाला, "मेट, तीन वर्षं झाली. पान हलत नाहीये."

"हलेल," साडूभाऊ म्हणाले.

नाही हललं. संध्याकाळपर्यंत धूर सरळ उभा राहिला असता, असा तो दिवस गेला. मेंढपाळाने निरोपही न घेता फाटक लावलं. परतताना गाडीत मी विचारलं, "वाईट वाटतंय?" ते म्हणाले, "वारा आला नाही याचं नाही. पण दुपारभर मनात येत होतं, की यावा. नुसतं माझं खरं ठरावं म्हणून. त्याचं वाटतंय."

त्यानंतर मेंढपाळाची समजूत घालता घालता पुढचा वसंत उजाडला. या खेपेला कमान नव्हती. साडूभाऊंनी पट्टा पेटवला आणि आग गुडघाभर उंचीने, फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखी उतार चढत गेली, आखलेल्या रेषेशी थांबली, विझली. मेंढपाळ "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणाला. त्याच्या लेखी तो विषय संपला.

दोन उन्हाळ्यांनंतर खालच्या रस्त्यावर गवत कापायच्या यंत्राची ठिणगी उडाली आणि वायव्येच्या वाऱ्यावर सबंध डोंगर पेटला. दुसऱ्या दिवशी मेंढपाळाचाच फोन आला, "येऊन बघ." आम्ही गेलो. काळ्या उताराच्या मधोमध त्याचं घर पांढरंशुभ्र उभं होतं. जाळलेल्या पट्ट्यात नव्याने आलेल्या कोवळ्या, तोकड्या गवतात आग खाली बसली होती, आणि बंबवाल्यांना ती गाठता आली होती. मेंढपाळाने टोपी काढली आणि तो साडूभाऊंचा हात धरून उभा राहिला.

मला वाटलं, आज तरी हे खुलतील. पण ते हळूच हात सोडवून वरच्या, न आखलेल्या उताराकडे गेले. तिथे आपल्या पणजोबांहून म्हातारे झुबके जळून थोटके झाले होते. साडूभाऊ एकेकापाशी उकिडवे बसत, तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा हाताचा पालथा पंजा त्याच्या बुडख्याला लावत आणि पुढच्याकडे सरकत. मी मागे मागे चालत होतो. खूप वर एका झुबक्यापाशी ते थांबले. माझा हात धरून त्यांनी तिथे टेकवला. बुडखा गार होता, आणि राखेखाली बोटांना काहीतरी ओलसर, जिवंत लागलं.

"उतरलाय," ते म्हणाले, आणि किती तरी वेळ तिथून उठलेच नाहीत.